कुठले कुलकर्णी?

आमच्या आईला नुसतं आडनाव कधी पुरत नाही. कुणी म्हटलं मी कुलकर्णी, की तिचा पुढचा प्रश्न तयार असतो, "कुठले कुलकर्णी?" मिरजेचे की कुरुंदवाडचे की तासगावचे, आणि तासगावचे असतील तर देवळाच्या मागच्या आळीतले का, असं करत करत ती त्या माणसाच्या आजोबांपर्यंत जाऊन पोचते. पाटील असो, जाधव असो, मुल्ला असो, कुणाची सुटका नाही. एसटी स्टँडवर, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही चालू. लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची.

तर हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझं पोट.

मार्चमध्ये दाढेचं रूट कॅनाल झालं, मग तिथे सूज आली, मग सात दिवसांची अँटिबायोटिक्स आली आणि तिसऱ्या दिवसापासून माझं जग बेडरूम ते बाथरूम एवढंच उरलं. डॉक्टरांनी एन्टरोजर्मिनाच्या कुप्या लिहून दिल्या. लहान मुलं असलेल्या घरात या कुप्या माहीत नसतील असं होणारच नाही, प्लास्टिकची छोटी कुपी, मान मोडायची आणि प्यायची, ना चव ना वास, साधं पाणी प्यायल्यासारखं. आत दोन अब्ज बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले बॅक्टेरिया. लेबलवर नाव बॅसिलस क्लॉसाय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पाणी पिऊन कधी पोट थांबतं का? ताक पी." तिच्याकडे सगळ्याला ताक असतं. तक्रं शक्रस्य दुर्लभम्, म्हणजे इंद्रालासुद्धा मिळत नाही असं ताक, हे ती आम्हाला शाळेत असल्यापासून ऐकवते, आणि इंद्राला का मिळत नाही याचं उत्तर मात्र आजपर्यंत दिलेलं नाही.

त्या रविवारी माझी भाची आली होती. पुण्यातच हॉस्टेलवर राहते, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय, रविवारी आत्याकडे जेवायला यायचं आणि जाताना डबा न्यायचा असा तिचा नियम. मी तिला कुपी दाखवून विचारलं की हा बॅक्टेरिया चांगला का? ती म्हणाली, "आत्या, चांगला-वाईट असं नावावरून नाही कळत, स्ट्रेन कुठला, म्हणजे त्या जातीतली नेमकी कुठली शाखा, ते बघायला लागतं. एकाच जातीतले दोन स्ट्रेन वागायला पूर्ण वेगळे असू शकतात." फोन स्पीकरवर होता, सांगलीहून आई म्हणाली, "म्हणजे कुठले कुलकर्णी ते विचारायचं की."

भाची दोन मिनिटं हसत होती. मग म्हणाली, आजी, आमच्या सरांना हे समजवायला दोन लेक्चरं लागली.

त्या दिवसापासून मला नाद लागला. पोट आठवड्याभरात ताळ्यावर आलं, पण वाचणं काही थांबलं नाही, आणि जेवढं वाचत गेले तेवढं वाटत गेलं की आईचाच प्रश्न बरोबर आहे, बाकी सगळे उगाच नुसतं आडनाव सांगून माल विकतायत.

ई. कोलायचंच घ्या. नाव ऐकलं की आपल्याला पाण्याचा रिपोर्ट आठवतो, जुलाब आठवतात. पण १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, आल्फ्रेड निसले नावाच्या जर्मन डॉक्टरने एका सैनिकाच्या शौचातून ई. कोलायचा एक स्ट्रेन वेगळा काढला. का, तर आजूबाजूचे सगळे आमांशाने आडवे झालेले आणि हा पठ्ठ्या ठणठणीत. निसलेला वाटलं याच्या पोटात कुणीतरी पहारेकरी असणार. तो स्ट्रेन आजही ई. कोलाय निसले १९१७ या नावाने औषध म्हणून विकला जातो, शंभर वर्षं उलटून गेली. आणि त्याच ई. कोलायचे दुसरे काही स्ट्रेन माणसाला रक्ताचे जुलाब आणि किडनी निकामी होण्यापर्यंत नेतात. घराणं एक, पण एक शाखा फौजदार आणि एक शाखा दरोडेखोर. बरं, हा निसलेचा फौजदारही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही, त्याच्याकडे कोलिबॅक्टिन नावाचं डीएनएला इजा करणारं एक रसायन बनवायची जनुकं आहेत, त्यामुळे शास्त्रज्ञ आता त्याच्याकडेही जरा डोळे बारीक करून बघतात.

प्रोबायोटिक या शब्दाची अधिकृत व्याख्या २००१ साली एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञांनी ठरवली, पुरेशा प्रमाणात दिले तर आरोग्याला फायदा करतात असे जिवंत सूक्ष्मजीव. सगळं त्या "पुरेशा" आणि "फायदा"मध्ये अडकलेलं आहे. कुणाला, कशासाठी, कुठला स्ट्रेन, किती, हे चारही प्रश्न सुटले तर ते औषध, नाहीतर गोड पाणी.

या क्षेत्राची एक गंमत अशी की इथे माणसांची नावं फार. मेचनिकॉफ हा मूळ पुरुष, १९०८चं नोबेल मिळालेला, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बसून सांगायचा की बल्गेरियातले शेतकरी जास्त जगतात ते आंबलेल्या दुधामुळे. त्याच इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या आधी काही वर्षं, १८९९मध्ये, हेन्री टिसिएने अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात इंग्रजी वाय अक्षरासारखे फांद्या फुटलेले जंतू बघितले, तेच बायफिडोबॅक्टेरिया. जपानमध्ये मिनोरू शिरोटाने १९३०मध्ये जो स्ट्रेन निवडला त्याला त्याचंच नाव लागलं आणि १९३५पासून त्याची याकुल्टची बाटली निघाली. फ्रेंच आंरी बूलार इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूला होता, तिथे कॉलऱ्याच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली चघळतात हे बघून त्याने त्यातून एक यीस्ट काढलं, जुलाबावर पावडरचं जे पाकीट मिळतं त्यातलं सॅकरोमायसिस बूलार्डी ते हेच. आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, १९८३मध्ये वेगळा काढलेला, त्यातलं जीजी म्हणजे गॉरबाख आणि गोल्डिन या दोघांची आद्याक्षरं. आपल्याकडे गाड्यांच्या मागे "आई-बाबांचा आशीर्वाद" लिहितात तसं.

मग २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या एकत्र कुटुंबाची वाटणी केली. अडीचशेच्या वर प्रजाती एकाच आडनावाखाली कोंबल्या होत्या आणि डीएनए बघितला तर त्यांचं एकमेकांशी चुलत-चुलतसुद्धा नातं लागत नव्हतं, मग एकाची पंचवीस घराणी केली. जीजी आता लॅक्टिकेसिबॅसिलस झाला, प्लँटारम नावाची दुसरी एक प्रजाती लॅक्टिप्लँटिबॅसिलस झाली. भाचीच्या बॅचने सगळी नावं पाठ केली होती म्हणे आणि मग पुन्हा केली. सातबाऱ्यावर नाव बदलायला आपल्याला किती चपला झिजवाव्या लागतात ते आठवलं.

आता पोटात एकूण मंडळी किती? पूर्वी सगळीकडे छापून यायचं की आपल्या एका पेशीमागे दहा बॅक्टेरिया. २०१६मध्ये इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी नीट हिशोब केला तर सत्तर किलोच्या माणसात स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी आणि बॅक्टेरिया ३८ लाख कोटी निघाले. म्हणजे जवळजवळ बरोबरी. वजन सगळ्यांचं मिळून दोनशे ग्रॅम, पावशेरापेक्षा कमी. पण प्रकार किती हे जास्त इंटरेस्टिंग आहे. २०२१मध्ये छापलेल्या एका मोठ्या यादीत जगभरच्या माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांचे दोन लाखांवर जीनोम, म्हणजे डीएनएचे पूर्ण आराखडे, एकत्र करून ४,६४४ प्रजाती मोजल्या, आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त प्रयोगशाळेत कुणी वाढवलेल्याच नव्हत्या. मतदार यादीत नाव आहे पण दार वाजवलं तर कुणी उघडत नाही, अशी अवस्था.

न उघडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ऑक्सिजन. मोठ्या आतड्यात हवा नाही, तिथल्या खऱ्या रहिवाशांना हवा म्हणजे विष. फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी नावाचा एक आहे, निरोगी माणसाच्या आतड्यातल्या शंभर बॅक्टेरियांत पाचेक तरी हा असतो, म्हणजे बड्या घरातला, पण मोकळ्या हवेत आला की काही मिनिटांत संपतो. त्याला कॅप्सूलमध्ये भरायचा कसा आणि मेडिकलच्या दुकानात फळीवर ठेवायचा कसा? क्रोन्स या आतड्याला सूज येण्याच्या आजारात हा कमी झालेला सापडतो, सूज शमवणारा म्हणून याच्यावर २००८पासून सगळ्यांचा डोळा आहे. हा आणि याच्यासारखे काहीजण आपल्याला न पचलेला चोथा खाऊन ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सत्तर टक्के ऊर्जा त्यावर भागवतात. ब्युटिरेटचं नाव लोण्यावरून पडलंय. खवट लोण्याचा जो वास येतो ना, तो त्याचाच.

म्हणजे बघा, भाकरी, कांदा, घेवडा, लसूण हे आपण खातो असं आपल्याला वाटतं, त्यातला मोठा वाटा हे लोक खातात आणि त्यांच्या ताटातलं उरलेलं आपलं आतडं खातं. पंगतीला आधी कोण बसलंय हेच आपल्याला माहीत नसतं. शिजवून गार झालेल्या भातातला काही स्टार्च असा घट्ट होतो की आपल्याला पचत नाही, तो फोडायचं काम रुमिनोकॉकस ब्रोमाय करतो आणि एकदा त्याने फोडला की बाकीचे तुटून पडतात. शिळ्या फोडणीच्या भाताची बाजू घ्यायला मला आयुष्यात पहिल्यांदा शास्त्र मिळालं. (फ्रीजमध्ये ठेवलेला हवा, ओट्यावर रात्रभर राहिलेला नको, त्यात वेगळेच कुलकर्णी येतात.)

विषय निघालाच आहे तर अळूचं. अळू, पालक यात ऑक्झलेट असतं आणि त्याचे मुतखडे होतात हे आमच्या काकांनी तीनदा अनुभवलंय. आतड्यात ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनिस नावाचा एक गृहस्थ आहे, १९८५मध्ये त्याला हे नाव मिळालं, तो निव्वळ ऑक्झलेटवर जगतो, दुसरं काही खात नाही. ऐकून वाटेल की झालं, याच्या गोळ्या करा आणि अळूचं फदफदं हाणा. करून बघितल्या, जन्मजात ऑक्झलेट वाढण्याचा आजार असलेल्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि हवा तो परिणाम मिळाला नाही. पोटात असलेला कामाला येतो, बाहेरून पाठवलेला येईलच असं नाही. जावयाला एमआयडीसीत चिकटवण्याइतकं ते सोपं नाही.

पण जिथे जमलंय तिथे असं जमलंय की वाचून अंगावर काटा आला. ओडिशात, खेड्यांमध्ये, ४,५५६ नवजात बाळांवर एक चाचणी झाली, २०१७मध्ये नेचरमध्ये छापून आली. अर्ध्या बाळांना जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठराविक स्ट्रेन दिला, सोबत त्या बॅक्टेरियाला खायला थोडी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड साखर, उरलेल्यांना नुसतीच दिसायला तशी पावडर. दोन महिन्यांत रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा बाळ दगावणं, हे एकत्र धरलं तर दुसऱ्या गटात ९ टक्के आणि पहिल्या गटात ५.४ टक्के. सात दिवसांचा खर्च एखाद्या डॉलरच्या आसपास. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांचे सहकारी यावर वर्षानुवर्षं काम करत होते, कितीतरी स्ट्रेन तपासून त्यातला पोटात जाऊन चिकटून बसणारा हा एक निवडला. बहुतेक प्रोबायोटिक्स पाहुण्यासारखे येऊन जातात, हा काही महिने मुक्कामाला राहिला.

याच्या शेजारीच बांगलादेशची गोष्ट ठेवते, कारण ती ऐकून आई फारच खूश झाली. तिथे तीव्र कुपोषित बाळांना बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस दिला, हा आईच्या दुधातल्या साखरा खाण्यात पटाईत. आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरांचे दोनशेच्या आसपास प्रकार असतात आणि बाळाला त्यातला जवळजवळ एकही पचत नाही, म्हणजे निसर्गाने आईला सरळसरळ बॅक्टेरियासाठी स्वयंपाक करायला लावलंय. तर दिलेला स्ट्रेन अमेरिकेतला होता. बाळांचं वजन वाढलं, पण तो बॅक्टेरिया तिथल्या निरोगी बाळांमध्ये असतो तेवढा काही जम धरेना. मग संशोधकांनी बांगलादेशी बाळांमधलाच एक इन्फँटिस शोधला आणि उंदरांवर बघितलं, तर तिथल्या जेवणावर तो अमेरिकन भावाला सहज मागे टाकत होता, कारण वनस्पतींमधल्या काही साखरा खायची हत्यारं त्याच्याकडे जास्त होती. २०२२मध्ये हे छापून आलं. आई म्हणाली, "मग? त्याला तिथलं पाणी मानवतं." तेच ते, कुठले कुलकर्णी.

आपल्या भारतीय पोटांबद्दलही आता थोडं कळायला लागलंय. भोपाळ आणि केरळमधल्या ११० लोकांचा अभ्यास २०१९मध्ये आला, त्यात आपल्याकडे प्रिव्होटेला नावाचे बॅक्टेरिया फार, विशेषतः भोपाळच्या शाकाहारी, धान्य-डाळीवाल्या लोकांत. अमेरिकन पोटांत त्या जागी बॅक्टेरॉइड्सचं राज्य असतं. थायलंडहून अमेरिकेत गेलेल्या ह्माँग आणि करेन जमातींच्या लोकांचा २०१८चा अभ्यास वाचून मला माझी न्यू जर्सीची मावसबहीण आठवली, कारण त्यात दिसलं की तिथे जाऊन काही महिने होतात न होतात तोच विविधता घटायला लागते, प्रिव्होटेला कमी होत बॅक्टेरॉइड्स वाढतात. माझ्या या बहिणीने ९८ साली जाताना स्वच्छ रुमाल दह्यात बुडवून, वाळवून, घडी घालून पर्समध्ये नेला होता. तिथे कोमट दुधात तो रुमाल टाकला आणि सांगलीचं दही एडिसनमध्ये लागलं. विरजण पोचलं, पोट मात्र बदललं असणार. ती म्हणते, आता इकडे आले की पहिले चार दिवस तुमचं जेवण मला बाधतं.

विरजणाचं मला नेहमी वाईट वाटतं. ज्याच्यामुळे दूध टिकतं, चवीला येतं, त्याचं नाव आपण कशाला वापरतो, तर आनंदावर विरजण पडलं, उत्साहावर विरजण पडलं. दुधाच्या बाजूने विचार केला तर बरोबर असेल. भाचीला मी विचारलं की घरचं दही प्रोबायोटिक म्हणायचं का, तर म्हणाली व्याख्येत नाही बसत, कारण त्यात कोण आहे, किती आहे आणि त्याचा फायदा कुणी मोजलाय हे सांगता येत नाही. माझ्याकडे आईचं विरजण आहे, पुण्यात पिशवीच्या दुधात दोन-तीन महिने छान लागतं, मग हळूहळू बिघडतं, उन्हाळ्यात तर तार सुटायला लागते आणि मला सांगलीहून पुन्हा वाटीभर मागवायला लागतं. तिच्या स्वयंपाकघरात त्याच वाटीत काय आहे कुणास ठाऊक, तिचं कधीच बिघडत नाही. पण स्टॅनफर्डमध्ये २०२१ला ३६ लोकांवर एक प्रयोग झाला, अर्ध्यांना भरपूर चोथा असलेलं जेवण आणि अर्ध्यांना दही, केफिर, किमचीसारखे आंबवलेले पदार्थ, दहा आठवडे, आणि आंबवलेल्या गटात पोटातली विविधता वाढली, रक्तातल्या सूज दाखवणाऱ्या खुणा कमी झाल्या. ३६ म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका विंगपेक्षा कमी माणसं, तेव्हा फार नाचू नये. मी अर्थातच आईला सांगितलं नाही.

आणि कुप्यांचं काय, म्हणजे मी ज्या प्यायले त्या? इथे जरा चिडचिड झाली. वाइझमनच्याच दुसऱ्या गटाने २०१८मध्ये २१ लोकांना अँटिबायोटिक्स देऊन मग बघितलं की पोट पूर्वीसारखं कसं होतं. ज्यांना नंतर ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक दिलं त्यांचे मूळचे बॅक्टेरिया परतायला सगळ्यात जास्त वेळ लागला, काही न देता सोडून दिलेल्यांपेक्षाही जास्त, कित्येक महिने. ज्यांना त्यांचंच अँटिबायोटिक्सच्या आधी साठवलेलं शौच आतड्यात परत दिलं ते काही दिवसांत पूर्ववत. घर रिकामं असताना भाडेकरू बसवला की मालकाला परत शिरायला किती त्रास होतो ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पण तो स्ट्रेनचा वेगळा संच होता, माझ्या कुपीत तो नव्हता, तेव्हा माझ्याबाबतीत काय झालं ते मला यावरून सांगता येत नाही, आणि जुलाब थांबले हे तर खरंच आहे. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२०मध्ये बहुतेक पोटाच्या आजारांसाठी प्रोबायोटिक्सची शिफारस करायचं टाळलं, अँटिबायोटिक्स घेताना सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचा संसर्ग टाळायला काही ठराविक स्ट्रेन आणि वेळेआधी जन्मलेली बाळं, अशा मोजक्या जागा सोडून.

एकाने तर व्याख्याच मोडली. अक्करमान्सिया म्युसिनिफिला, आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थराला खाऊन जगणारी, २००४मध्ये नेदरलँड्समध्ये सापडली, तिथल्या अक्करमान्स नावाच्या शास्त्रज्ञाचं आडनाव लावलं. बेल्जियममध्ये वजन जास्त असलेल्या लोकांना ती तीन महिने दिली, २०१९मध्ये निकाल आले, आणि इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सुधारला तो जिवंत अक्करमान्सिया घेणाऱ्यांचा नाही, पाश्चराइझ केलेली, म्हणजे उष्णतेने मेलेली घेणाऱ्यांचा. जिवंत सूक्ष्मजीव या व्याख्येत मेलेला आला. बत्तीसच जण शेवटपर्यंत टिकले त्या चाचणीत, तरी.

परवा माझ्या कुपीची शेवटची पट्टी औषधांच्या डब्यात सापडली, एक्स्पायरीला दोन महिने होते. बीजाणू कणखर, पोटातल्या आम्लातून जिवंत जाणारे, आणि कुपीतले चारही स्ट्रेन बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारे म्हणूनच तर ते गोळ्यांबरोबर देता येतात. मी भाचीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "आत्या, लेबलवरचं नाव जुनं आहे. २०२०मध्ये बॅसिलसमधून काढून अल्कलीहॅलोबॅसिलस केलं, ते पण फार टिकलं नाही, आता शौचेला क्लॉसाय." मला वाटलं टायपो आहे. नव्हता. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारात जे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथे ज्यांनी सूक्ष्मजीवांचा प्रचंड मोठा संग्रह उभा केला, आपल्या लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांवर आयुष्य घातलं, त्या डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवलंय. पुढचं क्लॉसाय हे क्लाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून. म्हणजे मी सात दिवस सकाळ-संध्याकाळ एक पुणेरी आणि एक जर्मन मिळून पीत होते आणि मला पत्ताच नव्हता. आडनाव आणि विषय यांचा योगायोग मराठी वाचकांना मी सांगायला नको.

लगेच आईला फोन लावला. सगळं सांगितलं, की आई, आख्ख्या जगात पोरांना जुलाब झाले की देतात त्या औषधातल्या जंतूला आता मराठी आडनाव आहे, शौचे. मला वाटलं कौतुक करेल. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला, परत फोन उचलला.

"कुठले शौचे गं?"